सणासुदीच्या केक-कुकीजमध्ये साखर, मैदा आणि बटर कमी करायचं असेल तर त्याऐवजी काय वापरावं?

सुरुवात साखरेपासून करा, कारण तिथे काहीच बदलून घालावं लागत नाही. बहुतेक केकमध्ये पाव हिस्सा साखर सरळ कमी केली तरी चालते. वर थोडी दालचिनी किंवा व्हॅनिला घातला की गोडी कमी झाल्याचं जाणवतही नाही. साखरेऐवजी मध घालून केक 'हेल्दी' होतो असं मात्र मानू नका. मध ही शेवटी साखरच, शिवाय त्याने केक लवकर करपतो.

मैदा एकदम काढू नका. अर्धा मैदा, अर्धी बारीक दळलेली कणीक घ्या. कणकेतला कोंडा पाणी सावकाश शोषतो, म्हणून दोन-तीन चमचे दूध जास्त घाला आणि पीठ १५ मिनिटं तसंच ठेवा. भांड्यात सैल वाटणारं मिश्रण तेवढ्यात चांगलं दाट होतं. बेकिंग पावडर असेल तर ती अगदी शेवटी मिसळा.

बटरचं म्हणाल तर केक-मफिनमध्ये निम्म्या बटरऐवजी कुस्करलेलं पिकलं केळं किंवा बिनसाखरेचा सफरचंदाचा गर छान जमतो. कुकीजमध्ये हे नको! त्या मऊ, पावासारख्या होतात. खुसखुशीतपणा बटरमुळेच येतो. तिथे बटर तसंच ठेवा आणि कुकीज आकाराने लहान करा.

एका अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून घाला.

पहिल्या खेपेला एकच बदल करून बघा.