शाप बाजूला ठेवून दुष्यंत

तुमचा प्रश्न: कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकातला राजा दुष्यंत दोषी, की दुर्वास ऋषींच्या शापामुळे सुटला? (या शापाने तो लग्न केलेल्या शकुंतलेला विसरतो, आणि त्याने तिला दिलेली अंगठी दिसल्यावरच त्याला ती आठवते.)

माझ्या मते, शकुंतलेला विसरण्यापुरता सुटला. बाकीचा हिशेब राहतोच.

मालवणात आम्ही एकदा पाचवा-सहावा अंक बसवला होता. मी, माशाच्या पोटात ती अंगठी सापडलेला कोळी. मूळ नाटकात त्याच्या हातात मासा नसतो, तो आधीच कापून झालेला. पण दिग्दर्शकाला मासा हवाच होता. नाटकातला रोहित मासा पडला गोड्या पाण्यातला, आमच्या बंदरावर कुठून येणार? सकाळच्या लिलावात सुरमई घेतली. बर्फ कमी पडला आणि रात्री पुढच्या दोन रांगा नाकाला पदर लावून बसल्या.

असो. पाचवा अंक सुरू होतो तो आतून येणाऱ्या, राजाच्या हंसपदिका या राणीच्या गाण्याने: नव्या मधाला हपापलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराला विसरलास कसा? राजा ओळखतो, टोमणा आपल्यालाच आहे. विदूषकाला म्हणतो, जा, तिची समजूत काढ. विषय संपला. प्रयोगानंतर शेजारची काकी मला म्हणाली, "तां ऱ्हवांदे रे. त्या गाणा म्हणणारणीक इसारलो, तेवां खयच्या रुशीन शाप दिल्यान?"

मी वाचून वाचून जे शोधलं असतं ते काकीने फुकट दिलं.

त्यात दुसऱ्या अंकाची भर घाला. शकुंतलेबद्दल विदूषकाजवळ मन मोकळं केल्यावर, हा बडबड्या अंतःपुरात बोलेल म्हणून राजा त्याला सांगतो, ते सगळं थट्टेत होतं, खरं धरू नकोस. तेव्हा शाप नव्हता. पुढे सहाव्या अंकात पश्चात्तापाने पोळलेला राजा विचारतो, तू तरी आठवण का दिली नाहीस? विदूषक म्हणतो, तूच थट्टा म्हणालास! एकुलता एक साक्षीदार स्वतःच्याच खोटेपणाने गेला. महाभारतातला दुष्यंत तर सगळं आठवत असून नाकारतो. कालिदासाने त्याला शापाची ढाल दिली, पण भोकं ठेवून.

राजा म्हणून मात्र तो वाईट नाही. धनमित्र नावाचा दर्यावर्दी व्यापारी जहाज फुटून मरतो. मूल नाही, म्हणजे मालमत्ता सरकारजमा. दुष्यंत आधी विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गरोदर आहे का बघा. एक निघते, आणि सगळं त्या पोटातल्या मुलाचं ठरतं. आमच्याकडे होडी परत न आलेल्या घराला कागदांसाठी किती खेपा घालाव्या लागतात ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे इथे मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही.

पण एकच अंक आधी शकुंतलाही गरोदरच समोर उभी होती. परस्त्री घरात घेण्याची त्याची भीती खरी मानू. तरी सगळ्यांसमोर तिला ऐकवतो की कोकिळा आपली पिल्लं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते. बाळंतपणापर्यंत माझ्या घरी राहू दे, हे सुचतं ते पुरोहिताला.