‘मोफत’, ‘मुक्त’ आणि ‘परवानामुक्त’: एका वाक्यातले चार शब्द

प्रश्न: कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी माहितीपुस्तिका तयार होत आहे. ती संगणक आणि वस्त्रनिर्माण अशा दोन्ही शाखांच्या मुलांना द्यायची आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘लिनक्स ही मोफत, परवानामुक्त व मुक्त स्त्रोत कार्यप्रणाली आहे.’ एका शिक्षकांचे म्हणणे, तिन्ही विशेषणे एकाच अर्थाची आहेत, दोन काढून टाका. दुसऱ्यांचे म्हणणे, इंग्रजीत ‘फ्री’ आहे म्हणजे मराठीत ‘मोफत’च हवे. काय ठेवावे?

उत्तर: तिन्ही विशेषणे एका अर्थाची नाहीत, त्यामुळे ‘दोन काढा’ हा उपाय चालणार नाही. ‘परवानामुक्त’ साफ चूक आहे. ‘मोफत’ काही वेळा खरे असते, पण मुद्दा तो नाही. ‘मुक्त स्त्रोत’ बरोबर आहे, पण त्याचे लेखन दोन ठिकाणी बिघडले आहे. ‘कार्यप्रणाली’वरही माझा आक्षेप आहे.

सगळ्यात घातक शब्द ‘परवानामुक्त’, तो आधी घेतो. मराठीत ‘मुक्त’ शब्दाची जागा बदलली की अर्थ उलटतो. तो आधी आला तर पुढची वस्तू असतेच, फक्त तिच्यावरचे बंधन सुटलेले असते: मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ, मुक्तद्वार. मुक्तछंदात लय असते, मुक्त विद्यापीठात विद्यापीठ असते. तोच शब्द शेवटी आला तर आधीची वस्तू नाहीशी झालेली असते: करमुक्त, कर्जमुक्त, व्यसनमुक्त. राज्यात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या नावाचा अर्थ कोणत्याही खेड्यात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. या हिशेबाने ‘परवानामुक्त’ म्हणजे ज्याला परवानाच नाही असे सॉफ्टवेअर. ‘मुक्तस्रोत’ उलटा करून ‘स्रोतमुक्त’ लिहिले असते तर तुम्हाला लगेच खटकले असते. ‘परवानामुक्त’ खटकत नाही, कारण कानाला ते ‘करमुक्त’सारखे सुखाचे वाटते.

लिनक्स परवानामुक्त नाही. त्याच्या गाभ्याला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ भागाला, जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे. ती जून १९९१ मधली. मुलांना जे काही करायला मिळते, म्हणजे प्रत काढणे, बदल करणे, दुसऱ्याला देणे, ते सगळे त्या परवान्यामुळे मिळते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो. कथा लिहिताक्षणी जसा लेखकाचा हक्क तयार होतो तसाच प्रोग्रामचा होतो; नोंदणी लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे प्रती काढण्याचा आणि वाटण्याचा हक्क मालकाकडे राहतो. म्हणून कुणी आपला प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला आणि सोबत परवाना दिला नाही, तर तो ‘कुणीही घ्या’ होत नाही. उलट सगळे हक्क राखीव राहतात. ‘परवानामुक्त’ वाचून मूल नेमके याच्या उलट शिकते आणि परवाना नसलेली संहिता, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला ‘कोड’, आपल्या प्रकल्पात बिनधास्त चिकटवते. शब्द चुकला की वागणे चुकते, ते असे.

खरोखर परवानामुक्त म्हणावे असे सॉफ्टवेअर असते, पण थोडे. एसक्यूलाइट हा माहितीसाठ्याचा प्रोग्राम जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये असतो. त्याच्या कर्त्यांनी त्यावरचा हक्क सोडून दिला आहे, त्याला परवाना लागत नाही. ‘परवानामुक्त’ हा शब्द अशा सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवावा.

आता ‘परवाना’ की ‘अनुज्ञप्ती’? परिवहन कार्यालयाच्या मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत: वाहन चालवायची ती अनुज्ञप्ती, आणि रिक्षा किंवा ट्रक धंद्याला लावायचा तो परवाना. म्हणून कुणी काटेकोर माणूस ‘अनुज्ञप्ती’चा आग्रह धरेल. पण ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ असे छापलेल्या कागदाला कोल्हापुरात लायसन म्हणतात, आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा भेद करायची गरजच पडत नाही. पुस्तिकेत ‘परवाना’ लिहा. सगळ्यांना कळतो आणि ‘परवान्याच्या अटी’, ‘परवान्यानुसार’ असा सहज चालतो.

दुसऱ्या शिक्षकांचा मुद्दा ‘फ्री’चा. इथे इंग्रजीची अडचण आपण विकत घेऊ नये. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात विनामूल्य आणि बंधनरहित हे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम तयार करण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून त्यांना ‘किमतीबद्दल बोलत नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतो’ असे समजावत बसावे लागले आहे. मराठीत मोफत, फुकट, विनामूल्य हे शब्द एका बाजूला आणि मुक्त, मोकळा, खुला हे दुसऱ्या बाजूला अशी आयती विभागणी असताना आपणच ती पुसून टाकायची, याला भाषांतर म्हणता येत नाही. मिसळीच्या दुकानात कट पुन्हा वाढला आणि त्याचे पैसे लावले नाहीत, तर तो कट मोफत. म्हणून मसाल्याची कृती आपल्या हाती आली, ती बदलून दुसऱ्या गल्लीत आपले दुकान थाटायची मोकळीक मिळाली, असे होत नाही. ‘मुक्त’मध्ये ही मोकळीक असते. कोणत्याही कामासाठी वापरणे, आतून अभ्यासून बदलणे, जशीच्या तशी प्रत देणे आणि बदललेली प्रत देणे, या त्या चार मोकळिकी. किंमत यात कुठेच नाही. जीपीएलखाली असलेल्या सॉफ्टवेअरची प्रत हवी त्या किमतीला विकता येते.

याचा सगळ्यात चांगला पुरावा लिनक्सच्याच इतिहासात आहे. लिनक्सचे कर्ते लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा दिले तेव्हाच्या अटींत संहिता उघडी होती, बदलायला परवानगी होती, पण वाटताना पैसे घ्यायला मनाई होती. म्हणजे ते सक्तीने मोफत होते, आणि म्हणूनच मुक्त नव्हते. फ्लॉपीवर प्रती काढून देणाऱ्याला साधा हाताळणी खर्च लावायचा तरी अडचण. १९९२च्या सुरुवातीला, ०.१२ या आवृत्तीच्या वेळी, त्यांनी ती अट काढून जीपीएल स्वीकारला. तुमच्या पुस्तिकेतल्या वाक्यातली ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ ही दोन विशेषणे एकाच प्रोग्रामच्या दोन वेगवेगळ्या अवस्था होत्या. इतके झाल्यावर ती समानार्थी कशी म्हणायची?

आता ‘मुक्त’ की ‘खुला’. यावर जाणकारांतही एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंकडे दम आहे. ‘ओपन सोर्स’ हे नाव फेब्रुवारी १९९८ मधले; ते क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवले. धंदेवाल्यांना ‘फ्री’चा धसका होता, तो टाळायचा हा उघड हेतू होता. स्टॉलमन यांना तो बदल मान्य नव्हता, आजही नाही. त्यांच्या मते त्यात स्वातंत्र्याचा मुद्दाच गळून पडतो. मराठीत मात्र ‘मुक्त’ दोन्हीकडे लागतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ‘ओपन’ आहे आणि मुक्त व्यापाराच्या इंग्रजी नावात ‘फ्री’. त्यामुळे सगळीकडे ‘मुक्त’ लिहिले तर ज्या दोन गटांचा वाद चालू आहे ते मराठीत एकाच नावाखाली येतात आणि वाचकाला भांडण कशावरून आहे तेच कळत नाही. माझा कौल असा: या वादाबद्दलच लिहायचे असेल तेव्हा स्टॉलमन यांच्या बाजूला ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर’. एरवी, विशेषण म्हणून, ‘मुक्तस्रोत’ सोयीचा. ‘मुक्त’ला लिंग-वचनाचा विकार नाही आणि दोन्ही पदे संस्कृत असल्याने समास नीट बसतो: ज्याचा स्रोत मुक्त आहे ते मुक्तस्रोत. समास आहे म्हणून तो जोडून लिहायचा. तुमच्या वाक्यात तो तुटला आहे.

केरळात चळवळीने ‘स्वतंत्र’ हा शब्द उचलला. ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या गटाच्या नावातच तो आहे. आपल्याकडे तो चालणार नाही. ‘पगारपत्रकासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्या’ याचा मराठीत अर्थ ‘वेगळे सॉफ्टवेअर घ्या’ एवढाच होतो.

‘खुला’मध्ये एक सापळा आहे तो पुस्तिकेत जरूर सांगा. संहिता डोळ्यांना दिसते म्हणजे ती ‘ओपन सोर्स’ झाली असे नाही. या नावाची दहा कलमी व्याख्या आहे, आणि तिच्यात माणसामाणसांत किंवा वापराच्या क्षेत्रांत भेद करायला बंदी आहे. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ किंवा ‘व्यापारी वापर वर्ज्य’ अशी अट असेल तर संहिता पूर्ण उघडी असूनही ते सॉफ्टवेअर या व्याख्येबाहेर जाते. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला. संहिता वाचायला राहिली, पण स्पर्धकांनी वापरण्यावर बंधन आले. त्यावर लोकांनी जुन्या परवान्याखालची प्रत घेऊन ओपनटोफू नावाचा वेगळा फाटा काढला. अशा सॉफ्टवेअरला ‘संहिता-उपलब्ध’ म्हणावे. ‘खुले’ म्हणू नये.

‘कॉपीलेफ्ट’ला प्रतिशब्द शोधायचा खटाटोप करू नका. त्यातला उजव्या-डाव्याचा श्लेष मराठीत उतरत नाही. शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘पुढे द्यायचे तर याच अटींवर द्यायचे’ असे एक वाक्य जोडा. जीपीएल कॉपीलेफ्ट आहे. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे परवाने तसे नाहीत, त्यांच्याखालची संहिता घेऊन बंद सॉफ्टवेअरही करता येते. आणि जीपीएलची अट देताना लागू होते, वापरताना नाही, हे ठळक छापा. प्रयोगशाळेत स्वतःपुरते बदल केले तर ते कुणाला दाखवण्याची सक्ती नाही. पण मुलांना पेन ड्राइव्हवर प्रत दिली की ते वाटप झाले, आणि मग मूळ संहिताही मिळायला हवी. सोपा मार्ग म्हणजे ज्या संगणकावरून मुले प्रत घेतात त्यावरच तिची मूळ संहिताही उचलता येईल अशी ठेवणे. कोणता परवाना लागू आहे ते पाहायला संहितेच्या फोल्डरमधली ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ नावाची फाइल उघडायची. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांवर बसवलेल्या प्रत्येक पॅकेजच्या दस्तऐवजांत ‘कॉपीराइट’ नावाची फाइल असते.

‘मूळ संहिता’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ‘सोर्स’ म्हटले की ‘स्रोत’, ही सवय झाली आहे आणि आता मोडणार नाही. पण जीपीएलमध्ये ‘सोर्स’चा अर्थ आहे बदल करायला ज्या रूपात हाती असणे सोयीचे ते रूप. म्हणजे नदीच्या उगमापेक्षा हस्तलिखिताच्या मूळ प्रतीशी त्याचे नाते जास्त जवळचे. म्हणून नावात ‘मुक्तस्रोत’ आणि मजकुरात ‘मूळ संहिता’ अशी वाटणी बरी पडते.

राहिली ‘कार्यप्रणाली’. मराठीत हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे: बाजार समितीची कार्यप्रणाली, बँकेची कार्यप्रणाली, म्हणजे काम करण्याची रीत. ‘लिनक्सची कार्यप्रणाली’ म्हटले की लिनक्स कसे चालते याचे वर्णन येईल असे वाटते. ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ सगळ्यांच्या तोंडी आहे, तेच ठेवा. शिवाय नुसते ‘लिनक्स’ हे काटेकोरपणे फक्त गाभ्याचे नाव आहे. भोवतीची बरीच साधने ग्नू प्रकल्पातली असतात, म्हणून काही जण ‘ग्नू/लिनक्स’ लिहायचा आग्रह धरतात. तो आग्रह रास्त आहे, निदान एकदा तरी तसे लिहावे. गाभ्याला ‘कर्नल’ मात्र लिहू नका, वाचकाला लष्करी अधिकारी आठवतो. ‘गाभा’ हा आपला शब्द नेमका बसतो.

तेव्हा वाक्य असे करा: ‘ग्नू/लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिच्या गाभ्याला जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे, आणि या प्रयोगशाळेत वापरलेली तिची आवृत्ती मोफत मिळते.’ शेवटचा भाग तुम्ही वापरता त्या आवृत्तीबाबत खरा आहे का ते पाहूनच ठेवा; काही कंपन्यांच्या आवृत्त्यांना वार्षिक वर्गणी असते.

‘स्त्रोत’ हा शब्द मात्र मराठीतही नाही आणि संस्कृतातही नाही. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे, त्यावरून ‘स्रोत’. ‘स्राव’मध्ये जो ‘स्र’ तोच इथे. ‘स्त्री’ आणि ‘शस्त्र’ यांच्या ओढीने मध्ये ‘त’ घुसतो, आणि बारीक टाइपात दोन्ही जोडाक्षरे सारखी दिसत असल्याने मुद्रितशोधनात निसटतो. टंकताना स, हलन्त, र, ओकार एवढेच. त मध्ये नाही. दुरुस्तीसाठी पुस्तिकेच्या फाइलमध्ये ‘स्त्रोत’ शोधा, पण ‘सगळे एकदम बदला’ हे बटण दाबू नका. पुस्तिका वस्त्रनिर्माणाच्या मुलांसाठीही आहे, इचलकरंजीचा उल्लेख येणारच, आणि ‘वस्त्रोत्पादन’ या शब्दाच्या पोटात ‘स्त्रोत’ ही अक्षरे जशीच्या तशी बसलेली आहेत. एकदम बदललेत तर तिथे ‘वस्रोत्पादन’ होईल. एकेक ठिकाण पाहून बदला.