बाबागाडी बाहेर, आई आत
प्रश्न: ताई, मुलीकडे कोपनहेगनला गेले होते, तिथे बाया बाळाला बाबागाडीत कॅफेच्या बाहेर झोपवतात आणि आत निवांत कॉफी पीत बसतात! माझा तर जीव नुसता टांगणीला. ही माणसं पहिल्यापासूनच अशी आहेत का हो?

उत्तर: अहो नाही ना, तीच तर गंमत आहे. 'बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का' हा एकच प्रश्न सर्व्हेवाले वर्षानुवर्षं विचारतायत, तर डेन्मार्कात १९७९ च्या सुमारास निम्म्याहून कमी लोक हो म्हणायचे, अलीकडे चारातले जवळपास तीन म्हणतात. अमेरिकेत बरोबर उलटं, १९७२ ला ४६ टक्के, २०१८ ला ३४. कारणांवरून अभ्यासकांची भांडणं चालूच आहेत पण मला विचाराल तर डेन्मार्कात सरकारी ऑफिसात चिरीमिरी द्यावी लागत नाही ना, मग माणूस अनोळख्यालाही उगाच चोर समजत नाही. आणि हो, १९९७ मध्ये एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये असंच बाळ रेस्टॉरंटबाहेर ठेवलं, ती आतच बसलेली, तरी पोलिसांनी तिला पकडून नेलं आणि बाळ काही दिवस सरकारी ताब्यात! तेव्हा कोपनहेगनात खुशाल कॉफी प्या, फक्त नातीला दुपट्यात नीट गुंडाळा, गारठा फार असतो तिकडे.