तांब्यावर चांदी: रोमन दिनारियस तपासताना

दिनारियस हे रोमनांचं चांदीचं नाणं. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली त्याची नक्कल ओळखायची तर आधी वजन करा. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळातला चांगला दिनारियस साधारण 3.9 ग्रॅमचा असतो. तुमचा तीनच्या आसपास भरला तर संशय घ्या. मग भिंगाखाली कडा आणि नाक-गालांचे उंचवटे बघा. चांदीचा पत्रा बहुधा तिथेच आधी फाटतो आणि आतलं हिरवट तांबं डोकावतं. कडेला दाते आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका, दातेरी नाण्यांतही तांब्याच्या गाभ्याची सापडतात. खात्री करायला घासू मात्र नका!

काळ ठरवणं जास्त अवघड. छापावरून एवढंच कळतं की नक्कल मूळ नाण्याआधीची नाही. ती नंतर कधीही पाडलेली असू शकते. मला आवडतात ती बेमेल नाणी: एका बाजूला एक सम्राट, मागे दुसऱ्याच्याच काळातलं चित्र. तिथे दोहोंपैकी उशिराची बाजू धरायची. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर सरकारी नाण्यातच चांदी नावापुरती उरली, मग मुलाम्याचा खटाटोप कोण करणार?

जुना छिन्नीचा घाव दिसला तर नाणं नाकारू नका. बहुधा तेव्हाच्याच कुणीतरी आत काय आहे ते तपासलेलं असतं.