सातारचा हात आणि इथली थिअरी टेस्ट

तुम्ही विचारलंय, "मी कोरेगावचा, बारा वर्षं गाडी चालवतोय. जानेवारीत नोकरीसाठी इंग्लंडमध्ये लेस्टरला येतोय. तिथल्या लायसनच्या थिअरी टेस्टचे प्रश्न आत्तापासून पाठ केले तर भागेल का?"

नाही भागणार, दादा. मी सातारची, नेमकं हेच करून पहिल्या खेपेला आपटले. अ‍ॅपवर रोज 50 पैकी 48 पडायचे, परीक्षेत पडले 41. पास व्हायला 43 लागतात. खऱ्या परीक्षेतले प्रश्न 2012 पासून छापतच नाहीत, सरावाचे असतात ते त्याच जातीचे पण वेगळे. मला पाठ झाली होती ती उत्तराची जागा. नियम डोक्यात गेलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी एक वही केली. प्रश्न चुकला की आपण चुकीचा पर्याय का निवडला, ते एका ओळीत लिहायचं. आठवड्याभरात कळलं की निम्म्या चुका 'आपल्याकडे असंच करतात' यातूनच होत होत्या. इथेही गाडी डावीकडूनच चालते, म्हणून आपण गाफील राहतो. राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पोवई नाक्यावर ज्याने आधी नाक घातलं तो पुढे, ही सवय मोडायला मला वेळ लागला. ज्या रस्त्यात वळायचंय त्याच्या तोंडाशी कुणी ओलांडायला नुसतं उभं असलं तरी थांबायचं, हे 2022 पासून आलंय. जुनी पुस्तकं कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

डिपरची तर गंमतच आहे. घाटात समोरच्याने डिपर मारला की आपण समजतो, 'मी येतोय, तू थांब.' इथल्या रस्त्यावर लोक 'जा तुम्ही आधी' म्हणून मारतात. आणि हायवे कोड, म्हणजे इथलं रहदारीच्या नियमांचं सरकारी पुस्तक, म्हणतो, डिपर फक्त 'मी इथे आहे' एवढं सांगायला. म्हणजे पुस्तकातलं उत्तर आपल्या खंबाटकीच्याच जवळचं! टेस्टमध्ये तेच द्या, रस्त्यावर मात्र कुणाच्याही डिपरवर विसंबून गाडी पुढे काढू नका.

थांबण्याच्या अंतराचे आकडे घोकू नका. आपल्याला जमीन फुटांत कळते, त्याचा फायदा घ्या. ताशी 20 मैलांना 2 ने गुणा, 30 ला अडीचने, 40 ला 3 ने, असं अर्ध्या-अर्ध्याने वाढवत न्या. 30 ला 75 फूट येतात, म्हणजे 23 मीटर. 70 ला 315 फूट, 96 मीटर. ओल्या रस्त्यावर हे दुप्पट धरा, बर्फावर दहापटीपर्यंत.

खरी फजिती प्रश्नांनंतरच्या दुसऱ्या भागात होते. 14 व्हिडिओ असतात, त्यांत हळूहळू उभा राहणारा धोका दिसला की क्लिक करायचं. 75 पैकी 44 हवेत, आणि दोन्ही भाग एकाच बैठकीत पास व्हावे लागतात. बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या चुकवत वाढलेल्या माणसाला धोका फार लवकर दिसतो. गुणांची मोजणी सुरू व्हायच्या आधीच क्लिक झालं तर त्याचे गुण नाहीत. म्हणून दिसल्यावर एकदा, आणि तो खरंच अंगावर यायला लागला की पुन्हा एकदा. भीतीने टकटक दाबत सुटलात तर त्या व्हिडिओला शून्य. हा सराव वाचून होत नाही, व्हिडिओच घ्या.

भाषेचंही बघा. परीक्षा इंग्रजीत असते, हिंदी-गुजराती आवाजाची सोय 2014 मध्ये बंद झाली. हार्ड शोल्डर (मोठ्या रस्त्याच्या कडेची अडचणीत थांबायची पट्टी), कर्ब (फुटपाथची कड), टेलगेटिंग (पुढच्या गाडीला चिकटून चालवणं) असे शब्द तिथे बसूनच पक्के करा. हायवे कोड ऑनलाइन फुकट आहे, सरकारी सराव चाचणीही.

आपलं लायसन इथे बदलून मिळत नाही. राहायला आल्यापासून 12 महिने त्यावर कार चालवता येते, तेवढ्यात इथलं काढायचं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन, तेही इथे राहायला आल्यावरच. मग थिअरी, तिचा निकाल 2 वर्षं चालतो. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला महिने जातात, म्हणून थिअरी रेंगाळत ठेवू नका. आणि सेंटरवर प्रोव्हिजनलचं कार्डच न्या. मोबाइलमधला फोटो दाखवलात तर आत घेत नाहीत, फी जाते ती वेगळीच.