आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज ३बी. रेडिएशनने गाठ जाईल का?

जाऊ शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा ३बीच्याच ८५० बायकांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलेल्यांत ५४ टक्के.

बाहेरून शेक साधारण पाच आठवडे, मग ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून गाठीजवळ दिलेलं रेडिएशन. घोडं पेंड खातं ते इथेच: बाहेरचा शेक संपला, रक्त जायचं थांबलं की घरच्यांना वाटतं झालं सगळं. तसं नसतं. ब्रेकीथेरपी अजिबात चुकवू नका, आणि सगळं मिळून आठ आठवड्यांत उरकायला हवं. हिमोग्लोबिन कमी असेल तर रेडिएशनचा परिणामही कमी पडतो, तेवढं डॉक्टरांना विचारा.

कॅन्सर उरलाय का ते दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनची घाई नको, साधारण तीन महिन्यांनी करतात. आधी केला तर सूजच दिसते आणि उगाच जीव टांगणीला लागतो.