वाचकांचे प्रश्न : आभाळ निळं, धूळ कोरडी, तरी ट्रकला रस्ता बंद का?

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या आउटबॅकच्या, म्हणजे आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागातल्या रस्त्यांचा नुसता ओझरता उल्लेख आला होता आणि त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मी बरीच वर्षं साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाच्या बाजूला ट्रान्सपोर्टच्या कामात काढली आहेत त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा ॲडलेडहून ट्रक चालवतो. बर्ड्सव्हिल नावाच्या गावाला किराणा माल घेऊन निघाला आणि मरी नावाच्या गावात अडकून पडला. फोनवर म्हणतो, आई इथे पावसाचा थेंब नाही, आभाळ निळंशार आहे, जीपवाले पुढे जातायत आणि मला सोडत नाहीत. त्याला किलोमीटरवर पैसे मिळतात, उभं राहिलं की कमाई बंद. हे काय चाललंय? (सातारा)

ताई, आधी एक सांगते, मुलगा सुरक्षित आहे आणि योग्य जागी थांबलाय, मरीत पेट्रोल आहे, हॉटेल आहे, माणसं आहेत. आता कारण सांगते.

मरी ते बर्ड्सव्हिल हा रस्ता म्हणजे बर्ड्सव्हिल ट्रॅक, साधारण ५२० किलोमीटर, कच्चा, आणि मरीपासून सुमारे १४० किलोमीटरवर तो कूपर क्रीक ओलांडतो. क्रीक म्हटलं की आपल्याला ओढा वाटतो पण हे पात्र भरलं की काही किलोमीटर रुंद पसरतं. आणि गंमत नाही, त्रास असा आहे की ते पाणी तिथल्या पावसाचं नसतंच, ते क्वीन्सलंडमध्ये शेकडो किलोमीटर वर पडलेल्या पावसाचं असतं, जमीन इतकी सपाट की ते सरकत सरकत यायला कित्येक आठवडे घेतं. म्हणून तिकडे पूर येऊन ओसरून जातो, टीव्हीवरची बातमीही संपते, आणि मग इथे निळ्या आभाळाखाली रस्ता पाण्यात जातो. बर्ड्सव्हिलला वर्षाला पाऊस पडतो १६०-१७० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे जुलैत एखाद्या जोरदार दिवशी घाटात पडतो तेवढा.

कूपर भरला की तिथे सरकारी फेरीबोट सुरू होते. ही सोय जुनीच, १९४९ साली आलेली टॉम ब्रेनन नावाची छोटीशी नाव अजून तिथे जपून ठेवलीय. पण फेरी छोट्या गाड्यांसाठी आहे, तुमच्या मुलाचा ट्रेलर तिच्यावर चढू शकत नाही. जीप पलीकडे गेल्या आणि हा अडकला त्याचं कारण बहुतेक हेच. त्याच्यासमोर दोनच वाटा, पाणी उतरेपर्यंत थांबणं किंवा फिरून क्वीन्सलंडच्या बाजूनं जाणं, आणि ती बाजू तरी उघडी आहे का ते आधी बघावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर त्याला मालकाशी वेटिंगचं बोलायला सांगा, भाडं ठरवतानाच. उभ्या राहिलेल्या दिवसाचा पगार ड्रायव्हरनं सोसायचा हे मला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो, मोठ्या गाड्यांचं लायसन्स काढतोय. रोड ट्रेन कुठेही नेता येत नाही असं ऐकलं, नेमका नियम काय आहे? (मेलबर्न)

रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर जोडलेली लांब गाडी, आणि बी-डबल म्हणजे दोन ट्रेलर एकमेकांना थेट जोडलेली तिच्याहून लहान गाडी. दोन्हीला एमसी म्हणजे मल्टी कॉम्बिनेशन लायसन्स लागतं, ते तुम्ही काढताय म्हणजे पहिली पायरी झाली. बी-डबल २६ मीटरपर्यंत, दोन ट्रेलरची रोड ट्रेन साडेछत्तीस मीटर, आणि तीन ट्रेलरची साडेत्रेपन्न मीटर, भरलेली असेल तर ११५ टनांच्याही वर जाते. एवढी गाडी शहरात वळणारच नाही, म्हणून प्रत्येक मापाच्या गाडीला कोणते रस्ते मोकळे ते ठरलेलं असतं. उदाहरण द्यायचं तर तीन ट्रेलरची गाडी ॲडलेडमध्ये येत नाही, पोर्ट ऑगस्टाच्या यार्डात डॉली (मागच्या ट्रेलरचं पुढचं टोक पेलणारी छोटी चाकांची गाडी) लावून मागचा ट्रेलर जोडतात आणि मग स्टुअर्ट हायवेनं उत्तरेला निघतात.

परवानगीचं काम बहुतेक राज्यांत नॅशनल हेवी व्हेइकल रेग्युलेटर बघतं, त्यांचा कायदा फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे, पण वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी त्यात नाहीत, त्यांचे नियम वेगळे, त्यामुळे बॉर्डर ओलांडायच्या आधी तिकडचे नियम वाचाच. आणि रेग्युलेटरनं परमिट दिलं तरी रस्ता ज्याच्या ताब्यात, म्हणजे राज्याचं खातं किंवा तिथली काउन्सिल, त्यांची संमती त्यात लागते. शिवाय परमिट खिशात असलं आणि पावसानं रस्ता बंद झाला तर बंद म्हणजे बंद, तिथे परमिट चालत नाही. हे दोन वेगळे नियम आहेत आणि नवीन पोरं इथेच फसतात.

प्रश्न : मी नर्स आहे, आउटबॅकमधल्या एका लहान गावात पोस्टिंग आहे. पावसानंतर रस्ता जड गाड्यांना बंद झाला, दुकानात भाजी, दूध, अंडी काही नाही, म्हातारी माणसं डब्यातलं खातायत. एक, फक्त एक ट्रक सोडला असता तर काय बिघडलं असतं? मला खरंच राग आलाय. (क्वीन्सलंड)

तुमचा राग खरा आहे, आणि तो कोणीतरी छापायला हवा होता म्हणून तुमचं पत्र मी जवळजवळ पूर्ण घेतलं. पण त्या एका ट्रकबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही, का ते नीट सांगते.

तुम्ही मूळच्या मराठवाड्याच्या, असं पत्रात लिहिलंय, मग तुम्हाला वाफसा माहीत आहे. काळ्या रानात पाऊस झाला की वाफसा आल्याशिवाय औत घालत नाहीत, घातलं तर ढेकळं होतात आणि अख्खा हंगाम ते रान सुधारत नाही. पश्चिम क्वीन्सलंडची बरीचशी जमीन अगदी त्याच जातीची आहे, भेगाळणारी, पाणी प्यायली की फुगणारी चिकणमाती. तिच्यावरून ओलं असताना एक भरलेला ट्रक गेला की खोल चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचतं, मग ती खालची मातीही मऊ होते, आणि ऊन पडलं की त्याच चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. नंतर ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, येऊन तो रस्ता पुन्हा सारखा करेपर्यंत रस्ता कोरडा असूनही कोणालाच नीट जाता येत नाही, ना ट्रकला ना अॅम्ब्युलन्सला. आणि ग्रेडर काही गल्लीच्या कोपऱ्यावर उभा नसतो, शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याला मोजक्या गँग असतात. एक ट्रक आज भाजी घेऊन पोचला म्हणून पुढचे दहा ट्रक अडकले, असं होतं ते.

वजनाचा हिशोब बघा. जीपच्या एका अॅक्सलवर (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आस) साधारण दीड टन येतो. ट्रेलरच्या तीन अॅक्सलच्या संचाला तिथे २० टनांची मर्यादा आहे, म्हणजे एका अॅक्सलवर साडेसहा टनांच्या वर. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठी चाचणी झाली होती, तिच्यातून असं दिसलं की अॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही तर साधारण सोळापट होतं. त्या हिशोबानं ट्रेलरचा एक अॅक्सल जीपच्या अॅक्सलच्या जवळपास चारशेपट रस्ता खातो. हा हिशोब पक्क्या रस्त्याचा आहे, ओल्या मातीत तर चाकच खाली जातं, तिथे हिशोबाला अर्थच राहत नाही. म्हणून "फक्त फोर व्हील ड्राइव्हला खुला" असा बोर्ड लागतो, तो ट्रकवाल्यांच्या विरोधातला नाही.

पण, आणि हे मी ठासून लिहितेय, रस्ता बंद करण्याचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर गावाला जेवू घालायची जबाबदारी पण आहे. ती पार पाडता येते, हे दिसलंय. जानेवारी २०२२ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात असा पाऊस झाला की स्टुअर्ट हायवे तुटला आणि पूर्व-पश्चिम रेल्वेलाइन वाहून जाऊन तीन आठवड्यांच्या वर बंद राहिली, पार पर्थमधल्या सुपरमार्केटची शेल्फं रिकामी झाली. तेव्हा स्टुअर्ट हायवेवरच्या कूबर पीडी गावाला हवाई दलाच्या विमानानं २० टनांच्या आसपास खाण्याचं सामान पोचवलं. पुढच्याच जानेवारीत वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किम्बर्ली भागात फिट्झरॉय नदीला विक्रमी पूर आला, पाणी १५.८१ मीटरवर गेलं आणि फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल गेला. हा तर पक्का डांबरी हायवे, त्या भागाची मुख्य नाळ. पर्थहून कुनुनराला जाणाऱ्या ट्रकांना नलारबोर, पोर्ट ऑगस्टा, अॅलिस स्प्रिंग्ज, कॅथरिन असा पाच हजार किलोमीटरच्या वरचा फेरा पडला, नेहमीचं अंतर साधारण ३२०० आहे. तिथे बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, लावली, पात्रातून तात्पुरता खालचा रस्ता काढला, आणि नवा दोन लेनचा पूल डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, सुरू झाला. मनावर घेतलं की होतं.

तुमच्या गावासाठी मागायचं असेल तर एक ट्रक सोडा असं मागू नका. पावसाळ्याआधी गावात जादा कोरडा शिधा आणि औषधांचा साठा, रस्ता बंद झाला की ठरलेल्या दिवसानंतर आपोआप विमान, आणि रस्ता उघडताना थेट सगळ्यांना न उघडता आधी अर्ध्या लोडच्या गाड्यांना, हे तीन मागा. काउन्सिलच्या मीटिंगला क्लिनिकची नर्स स्वतः उभी राहून बोलली तर ऐकतात, माझा अनुभव आहे. तुम्ही लिहिलेली ती डायबेटिसच्या आजीची गोष्ट तिथे सांगा, नाव न घेता.

प्रश्न : ट्रक यायच्या आधी या भागात सामान कसं पोचायचं? (ठाणे)

उंटांवर. आणि याचा धागा आपल्यापर्यंत येतो. १८६६ मध्ये थॉमस एल्डर नावाच्या व्यापाऱ्यानं शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरवले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सोबत उंटवाले आले, सिंध, बलुचिस्तान, पंजाब, सरहद्दीकडचे, तिथे सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणायचे. मरीत त्यांची वस्ती होती, मशीद होती, आणि बर्ड्सव्हिलकडे पीठ, साखर, कुंपणाची तार जायची ती त्यांच्याच तांड्यांवर, परतताना लोकर. आज आउटबॅकच्या इतिहासात त्यांना दोन ओळी मिळतात, निम्म्या खंडाला ज्यांनी सामान पुरवलं त्यांना हे फार कमी आहे.

त्यांच्यानंतरचा टॉम क्रूज, हा हॉलिवुडवाला नाही, १९३६ पासून मरी-बर्ड्सव्हिल टपाल ट्रकनं न्यायचा. वाळूची टेकडी आली की चाकाखाली लोखंडी पत्रे टाकायचे, गाडी तेवढी पुढे घ्यायची, मागचे पत्रे काढून परत पुढे टाकायचे. त्या काळी वजनमर्यादेचा बोर्ड नव्हता, वाळूच सांगायची किती न्यायचं.

प्रश्न : एवढा श्रीमंत देश, सरळ डांबरीकरण का करत नाहीत? (लातूर)

करतायत, हळूहळू. शेजारचाच स्ट्रझेलेकी ट्रॅक, लिंडहर्स्ट ते इनामिंका सुमारे ४७० किलोमीटर, मूम्बाच्या गॅसफील्डकडे जाणारा, त्याचं डांबरीकरण टप्प्याटप्प्यानं चाललंय. गॅस आहे म्हणून पैसा आला. बर्ड्सव्हिलला वस्ती शंभराच्या आसपास, सप्टेंबरच्या घोड्यांच्या शर्यतींना हजारो माणसं येतात ती वेगळी, त्यामुळे खर्चाच्या यादीत हा रस्ता खालीच राहतो. आणि लातूरकरांना काळ्या मातीवर डांबर टाकलं की चार पावसाळ्यांत काय होतं ते मी सांगायला नको, खालची माती फुगत राहिली तर वरचं डांबर तडकतंच. माझ्या मते पूर्ण ५०० किलोमीटरच्या मागे लागण्यापेक्षा जिथे रस्ता दरवेळी तुटतो ते ओढे आणि सखल तुकडे आधी उचलून घ्यावेत, चांगले फरशी पूल बांधावेत. बंद राहण्याचे दिवस त्यानंच सगळ्यात जास्त कमी होतील.

प्रश्न : मालक म्हणतो बंदचा बोर्ड असला तरी रात्री निघ, तिकडे कोण बघतंय. नोकरी नवीन आहे, व्हिसा त्यांच्यावरच आहे. काय करू? (ॲडलेड)

निघू नका.

रस्ता फसला आणि गाडी रुतली तर शे-दोनशे किलोमीटर मदत नाही, मोबाइलला रेंज नाही, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर तापमान. तशी वेळ आलीच कधी तर गाडी सोडून चालायला लागू नका, वरून विमानाला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. पाणी आणि सॅटेलाइट फोन नसेल तर कच्च्या रस्त्याला गाडी लावायचीच नाही, उघडा असला तरी.

कायद्याचं तर तुमच्या बाजूनं आहे. तिथल्या जड वाहनांच्या कायद्यात जबाबदारी एकट्या ड्रायव्हरची नसते, मालक, वेळापत्रक ठरवणारा, माल भरणारा, पाठवणारा सगळे त्या साखळीत येतात, आणि ऑक्टोबर २०१८ पासून त्यांच्यावर ही जबाबदारी थेट टाकलेली आहे. तासांचंही तेच, साध्या नियमानं २४ तासांत १२ तासांच्या वर काम नाही, दिवसभर यार्डात लोडिंग करून रात्री निघायला सांगणं हे त्यातही बसत नाही.

म्हणून मालकाला तोंडी नाही म्हणत बसू नका. मेसेज करा, साधा, भांडण न करता : "रस्ता आज जड गाड्यांना बंद दाखवतोय, सोबत फोटो जोडलाय, तरी निघायचं असेल तर तसं लिहून कळवा." बोर्डाचा आणि सरकारच्या रस्त्यांच्या पानाचा फोटो त्यात टाका, तारीख-वेळ दिसेल असा. लिहून द्यायला बहुतेक कोणी तयार होत नाही. आणि कोणी दिलंच तर तो मेसेज डिलीट करू नका, घरच्या एखाद्या माणसाला फॉरवर्ड करून ठेवा आणि ट्रान्सपोर्ट युनियनला फोन करा. व्हिसाचं वेगळं आहे, त्यासाठी रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटला भेटा, नोकरी बदलायला किती दिवस मिळतात ते तुमच्या व्हिसाच्या अटी बघून तोच नीट सांगेल, मित्रांच्या ग्रुपवर विचारून ठरवू नका. मला पुन्हा लिहा, काय झालं ते कळवा.